रात्र न होणारी उपनदी

आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोरीवर रबराची एक विजार लटकते आहे. छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली, खाली बूट चिकटवलेली. पाण्यात उभं राहून मासे धरणारे लोक ती घालतात. रियाधमध्ये, जिथे पाऊस पडला की लोक गाड्या काढून तो बघायला वाळवंटात जातात, तिथे ही वस्तू दुकानात मिळते हे मला दोन-तीन महिन्यांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. शेजारच्या फ्लॅटमधल्या पाकिस्तानी गृहस्थांनी परवा लिफ्टमध्ये विचारलं, "इंजिनियर साहब, वो प्लांट की ड्यूटी का है क्या?" मी शहराच्या सांडपाणी प्रकल्पावर काम करतो, तेव्हा प्रश्न रास्त होता. मी हो म्हणालो.

असं छोटं, सोयीचं खोटं बोलायची मला सवय आहे. समोरच्याने पुढे काही विचारू नये, एवढ्यापुरतं.

विजार मी दादासाठी घेतली होती. दादा माझा थोरला भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, एका खाडीच्या काठावर. खाडीवर पूल व्हायच्या आधी दादा तर चालवायचा, म्हणजे माणसं, सायकली आणि आंब्याच्या पेट्या होडीतून या काठावरून त्या काठावर न्यायचा. पूल झाला आणि ती तर बंद पडली. दादाने कुणाला दोष दिला नाही. होडी तशीच ठेवली आणि गळ टाकून मासे धरायला लागला. आधीही धरायचाच, फक्त आता दिवसभर. त्याला दोर हातात धरूनच कळायचं, खाली काळुंदर आहे की तांबोशी की नुसता खेकडा आमिष कुरतडतोय. लहानपणी मी त्याच्या शेजारी बसून अंदाज सांगायचो आणि माझा अंदाज नेहमी चुकायचा. "तू शिक," दादा म्हणायचा, "तुझा हात पेनाचा हाय."

दादाला काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलेला आहे. डाव्या डोळ्याला मधोमध एक छोटा गोल दिसतो, त्याच्या बाहेर काही नाही. उजेड कमी झाला की तो गोलही विझतो. हे डॉक्टरांचं सांगणं झालं. दादाच्या शब्दांत, "बांबूच्या नळकांड्यातून बघतो नि कुणीतरी हळूहळू नळकांडा बारीक करतोय."

काचबिंदूचं असं असतं की गेलेली नजर परत येत नाही, पण लवकर कळलं तर राहिलेली टिकवता येते. रोज दोन थेंब, वेळच्या वेळी. बस, एवढंच असतं सुरुवातीला. आता हे मला पाठ आहे.

तेव्हा माहीत नव्हतं असं मी लोकांना सांगतो. पण पाच वर्षांपूर्वी दादा फोनवर म्हणाला होता, "डावीकडनं कोन आला तर कळत नाय रे हल्ली." मी म्हणालो, चष्म्याचा नंबर वाढला असेल, पुढच्या सुट्टीत बघू. पुढच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा आमच्या पुण्यातल्या फ्लॅटचं फर्निचर चाललं होतं. गावाला चार दिवस मिळाले. त्या चार दिवसांत वाडीत एक लग्न होतं. पंगतीत दादा आमटी वाढत होता. वाढण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता, पळत पळत वाढायचा. त्या दिवशी त्याने एका पाहुण्याच्या पत्रावळीच्या शेजारी, जमिनीवर, अख्खी पळी ओतली. पाहुणा उठून उभा राहिला. कुणीतरी ओरडलं, "काय रे, दुपारीच लावलीस काय?" सगळी पंगत हसली.

दादाने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. हे मला माहीत होतं. मीही हसलो. नुसता हसलो नाही, "त्याला आता पाण्यावर ठेवा," असंही म्हणालो, कारण मी सौदीहून आलेला होतो आणि माझ्या विनोदाला लोक जरा जास्त हसत. दादा पळी हातात धरून उभा होता आणि तोही हसत होता. मग वाकून हाताने चाचपत त्याने पत्रावळीची कड शोधली. ती कड शोधणारी बोटं मी बघितली. मी तीन फुटांवर बसलो होतो.

रत्नागिरी तासाभराच्या अंतरावर होती. डोळ्यांचा डॉक्टर तिथे होता. मी दुसऱ्या दिवशी पुण्याला गेलो, सुताराने बोलावलं होतं म्हणून.

त्यानंतर दोन वर्षांनी निदान झालं.

*

आता त्या नदीबद्दल.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्लांटवर हवा पुरवणारी नवी यंत्रं बसवायला एक स्वीडिश माणूस आला होता. आठ महिने राहिला. शांत, उंच, निवृत्तीला टेकलेला. दर शुक्रवारी आमच्याकडे माशाचं जेवण जेवायचा. बायकोने तिरफळ घालून केलेलं सार तो पेल्यातून प्यायचा. काम संपल्यावर तो परत गेला, पण अधूनमधून फोन करायचा. स्वीडनच्या अगदी उत्तरेला त्याचं गाव आहे. मोठ्या नदीवर सगळीकडे बांध घातलेत, पण तिला मिळणारी एक उपनदी मोकळी सोडलेली आहे, आणि तिच्या काठावर त्याची लाकडी खोली आहे. निवृत्तीनंतर उन्हाळाभर तो तिथेच असतो.

गेल्या वर्षी मी गावी असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला. तो नदीतच उभा होता. मी ओटीवर होतो, शेजारी दादा. मी दादाच्या हातात फोन दिला. दादाने तो नाकाशी धरला आणि इकडेतिकडे हलवत चित्र आपल्या गोलात बसवलं. मग त्याचा हात थांबला.

"ह्यानं फोन पान्यात बुडवलान काय?"

"नाही. वरूनच धरलाय."

"नि तळ दिसतो?"

पाणी खरोखरच नसल्यासारखं होतं. गोटे मोजता आले असते. प्रवाहाला तोंड करून एक करडा मासा स्थिर उभा होता, नुसती शेपटी हलवत. मग तो वर आला, पाण्यावर पडलेलं काहीतरी तोंडात घेतलं आणि खाली गेला.  दादा फोन माझ्या हातात देत म्हणाला, "चाळीस-पंचेचाळीस वर्षं गळ टाकतोय. मासा गरीला कसा येतो, त्या टायमाला त्याचा तोंड कसा होतो, ता मी कधी बघितला नाय. आपल्या खाडीत काय दिसतो? हाताला कळतो तेवढाच."

फोनवरून स्वीडिश माणूस म्हणाला, जूनमध्ये इथे रात्र होत नाही, सूर्य मावळतच नाही, दिवसाचे चोवीस तास मासे धरता येतात. मी मराठीत सांगितलं.

"मग मानसं निजतात कधी?"

"पडदे लावून."

दादा बराच वेळ हसला. मग म्हणाला, "मला चालंल तसा गाव. माझा सगळा घोटाळा रात्रीचाच हाय."

दादाने मला आजपर्यंत काही मागितलं नव्हतं, आणि हेही त्याने मागितलं असं म्हणता येणार नाही. पण मी तिथल्या तिथे स्वीडिश माणसाला सांगून टाकलं की पुढच्या जूनमध्ये आम्ही दोघं येतो. तो म्हणाला, या. माझ्या अंगावरचं काहीतरी हलकं झालं. जे केलं नाही ते भरून काढायला देवाने नदीच पाठवली, असं काहीतरी मला वाटलं होतं. आता लिहितानाही त्याची लाज वाटते.

*

फेब्रुवारीत मी कामाला लागलो. रियाधच्या अल मलाझ भागात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मलबारी तिकिटं काढून देतो, तिथेच चहाही मिळतो. त्याला बेत सांगितला: दादाला व्हिजिट व्हिसावर रियाधला आणायचं, इथून दोघांचा युरोपचा व्हिसा करायचा, जूनमध्ये इथूनच उडायचं. त्याने कीबोर्डवरून मान वर न करता सांगितलं, "सर, भाई का वीज़ा बंबई से करवाओ. विज़िट वाले का इधर से नहीं लेते."

मी म्हणालो, "देखते हैं."

मुंबईहून करायचं तर मला जावं लागलं असतं. दादाच्या नावावर पगाराची पावती नाही, बँकेत काय ते थोडं, टॅक्सचे कागद नाहीत. सगळं माझ्या जबाबदारीवर उभं करायचं, त्याला घेऊन मुंबईत आठ-दहा दिवस काढायचे, रांगेत त्याचा हात धरून उभं राहायचं. प्लांटवर शटडाऊनची, म्हणजे यंत्रं बंद ठेवून करायच्या मोठ्या दुरुस्तीची, तयारी चालली होती, रजा मागितली असती तर मॅनेजरने तोंड वाकडं केलं असतं. एवढंच. नोकरी गेली नसती. तोंड वाकडं झालं असतं.

अठरा वर्षं मी या देशात आहे. इथे कुठल्याही काउंटरवर मी खिशातून इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, काढतो आणि काम होतं. बँक, सिम कार्ड, दवाखाना, पोराची शाळा, पूर्वी एकदा फिरायला गेलो तेव्हाचा युरोपचा व्हिसा, सगळं त्या एका कार्डावर. बायकोमुलाचंही माझ्या इकाम्याखालीच. त्यामुळे घरातलं माणूस म्हणजे माझ्या कार्डाखालचं माणूस असंच डोक्यात बसलेलं. व्हिसा केंद्राच्या वेबसाइटवर कागदांची यादी मी तीनदा वाचली होती. "इकाम्याची प्रत" हा पहिलाच मुद्दा होता. तो वाचून दर वेळी मी मनात म्हणायचो, आहे. माझा आहे, एवढंच मला दिसायचं. दादाचा कुठे आहे, हा प्रश्नच पडला नाही. मलबाऱ्याने सांगूनही पडला नाही. किंवा पडला आणि मी तो बाजूला सारला. प्रामाणिकपणे सांगायचं तर दुसरंच खरं असावं.

*

दादा एप्रिलच्या सुरुवातीला आला. विमानतळावर व्हीलचेअर घ्यायला तयार नव्हता, एका मजुराच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आला. दोघांची दोस्ती झालेली होती.

नंतरचे वीस दिवस आमच्या घरात जितकं हसणं झालं तितकं मुलगा पुण्याला कॉलेजात गेल्यापासून झालं नव्हतं. बायकोने जेवणाच्या टेबलावर मोठा पांढरा कागद पसरून जाड काळ्या मार्करने नकाशा काढला, दादाला दिसावा म्हणून रेघा बोटाएवढ्या: रियाध, मग विमान बदलायचं ठिकाण, मग रात्रभराची आगगाडी, मग स्वीडिश माणसाची गाडी, मग उपनदी. दादा डोळा कागदाला लावून रेघेवरून बोट न्यायचा. उपनदीपाशी आला की थांबायचा. तिथे बायकोने एक मासा काढला होता.

"हा बोंबील काढलास काय गो?" दादा म्हणाला.

"भावोजी, चित्रकला माझी पाचवीपर्यंतच झाली."

"नाय, चांगला हाय. नुसता सुकलेला दिसतो."

मी नियम वाचून दाखवायचो. परवाना काढायचा. ठरलेल्या लांबीपेक्षा लहान मासा पाण्यात सोडायचा. काही ठिकाणी मोठाही सोडायचा.

"धरायचा नि सोडायचा?" दादाला हे पटेना. "मग त्याला बोलवायचा कशाला? घरात पाहुना बोलवून दारातनं परत पाठवल्यासारखा."

"तिकडचे लोक छंद म्हणून धरतात."

"मासा काय छंद म्हनून येतो?"

विजार आणली त्या दिवशी तर तो खुर्चीत मागे कलला. "गळ टाकायला रबराची विजार? अरे, बापाने आपल्या लंगोटीवर खाडी पालथी घातलान." पण घालून बघितली. बुटांसकट दिवाणखान्यात दोन फेऱ्या मारल्या. बायकोने फोटो काढला. त्या फोटोत तो छाती पुढे काढून उभा आहे आणि कॅमेऱ्याच्या थोडं डावीकडे बघतो आहे.

तिथे आमिष म्हणून खरी कोळंबी लावत नाहीत, गरीवर पीस आणि दोरा बांधून खोटी माशी करतात, हे कळल्यावर दादाने दोन दिवस नुसती गरी बोटांत फिरवत काढले. मग त्याने बाल्कनीत एसीच्या डब्यावर बसणाऱ्या पारव्यांची पिसं गोळा करायला सांगितली. बायकोच्या शिवणाच्या डब्यातून करडा दोरा घेतला. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी, एका गरीवर त्याने अशी माशी बांधली की मी तिचा फोटो काढून स्वीडनला पाठवला. उत्तर आलं: ही माझ्यापेक्षा चांगली आहे. मी वाचून दाखवलं. दादा म्हणाला, "त्याला सांग, डोळे मिटून बांध."

रोज संध्याकाळी सात वाजता त्याच्या डोळ्यांत थेंब मी घालायचो. बायको म्हणायची, मी घालते, तुम्ही दमून येता. मी ऐकायचो नाही. दादा सोफ्यावर मान मागे टाकायचा, मी खालची पापणी ओढून थेंब सोडायचो. पाच वर्षं उशिरा. प्रत्येक थेंबाला माझ्या मनात ती पंगत यायची. त्याला कधी सांगितलं नाही.

त्याच दिवसांत त्याला इथल्या एका डॉक्टरांना दाखवलं. हैदराबादचे, वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांनी यंत्रावर बराच वेळ घेतला, मग दादाला बाहेर बसवून मला सांगितलं की औषधाने दाब पुरेसा उतरत नाही, ऑपरेशन आता धोक्याचं आहे, राहिलेला गोलही जाऊ शकतो. मी विचारलं, "साल भर?" ते म्हणाले, "साल भर का भरोसा मत रखिए." मी त्यांना जूनचं सांगितलं. त्यांनी डोकं हलवलं. "जून ठीक है. जाइए."

*

व्हिसा केंद्रात दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खिशात ती माशी, काडेपेटीत घालून. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, "साहेबानं विचारलान, कशाला चाललास, तर दाखवीन."

काउंटरवर एक तरुण मुलगी होती, बोलण्यावरून लखनौकडची वाटली. माझे कागद तिने भराभर बघितले. मग दादाची फाइल उघडली, पानं उलटली, परत पहिल्या पानावर आली.

"अंकल का इकामा?"

"ये मेरे बड़े भाई हैं. विज़िट पे आए हैं. मेरा इकामा लगा है."

"आपका तो आपकी फाइल में है, सर. इनका?"

"इनका नहीं है. मैं स्पॉन्सर हूँ."

तिने कागद खाली ठेवले. "सर, विज़िट वालों का यहाँ से नहीं होता. जो यहाँ रहते हैं, उन्हीं का होता है. इनको इंडिया से करना पड़ेगा."

मी बोलत राहिलो. पत्रं दाखवली, स्वीडिश माणसाचं निमंत्रण, डॉक्टरांचा रिपोर्ट. ती उद्धट नव्हती. सुपरवायझरला विचारून आली. परत आल्यावर तिने माझ्याकडे न बघता दादाकडे बघितलं आणि म्हणाली, "सॉरी अंकल." दादा ज्या बाजूला ती नव्हती त्या बाजूला बघून म्हणाला, "कोई बात नहीं, बेटा."

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "नियम नवीन आलाय. आधी असं नव्हतं."

"असा होय," दादा म्हणाला.

घरी आल्यावर मी फोन घेऊन बसलो. मुंबईतल्या केंद्रात सगळ्यात जवळची तारीख जुलैच्या शेवटाची होती. मग व्हिसा यायला लागेल तो वेळ. स्वीडिश माणसाला विचारलं. तो म्हणाला, ऑगस्टच्या शेवटी जरूर या, पण तेव्हा रात्र असते, खरी काळी रात्र, आणि दिवसाही ढग असतात. आणि माझी रजा जूनचीच मंजूर होती, जुलैपासून शटडाऊन. मी वहीत आकडे, तारखा मांडत राहिलो. बायको उभी राहून बघत होती.

"पुढच्या वर्षी," मी म्हणालो.

"तुमचं सगळं पुढच्या सुट्टीतच असतं," ती म्हणाली. आवाज चढवून नाही. मग तिने टेबलावरचा नकाशा गुंडाळला आणि कपाटावर ठेवला.

*

दादा जायच्या आधीच्या शुक्रवारी मी त्याला हायरला घेऊन गेलो. हायर रियाधच्या दक्षिणेला आहे, तिथे वाळवंटात एक पाण्याचा प्रवाह आहे. लोक त्याला नदी म्हणतात, सहलीला येतात, बोरूच्या बनात चटया टाकून कोळशावर मांस भाजतात. ते पाणी म्हणजे शहराचं सांडपाणी आहे, शुद्ध करून सोडलेलं. त्यातला काही भाग मी ज्या टाक्यांवर काम करतो तिथूनच येतो. त्यात तिलापिया मासे वाढलेत. बांगलादेशी मजूर काठीला दोरा बांधून धरतात.

दादाने रबराची विजार घालायचा हट्ट धरला. मे महिना, चाळीसच्या वर तापमान. "आनलीस ना? मग घालतो." मी त्याला धरून उतरवलं. पाणी गुडघ्याच्या वर आलं. हिरवट, गढूळ, वीतभर खालचंही दिसेना. पलीकडच्या काठावरचे मजूर दादाच्या विजारीकडे बघून हसले. एकाने हात केला. मी केला. दादाला ते दिसले नाहीत.

त्याने काडेपेटीतली माशी काढली, स्वतःच बांधली आणि दोर टाकला. मी काठावर दगडावर बसलो. तो उभा होता आणि त्याचं सगळं लक्ष बोटात गेलेलं होतं. लहानपणी बघायचो तसाच. पाण्याला वास कशाचा ते मला माहीत होतं. त्यालाही कळला असणार.

थोड्या वेळाने बोट हललं. "लहान हाय," तो म्हणाला आणि ओढलं. हाताएवढा तिलापिया. दादाने तो डोळ्यापाशी नेला, इतका जवळ की मासा त्याच्या गालाला लागत होता. आधी डोकं बघितलं, मग सरकवत शेपटीकडे आला.

"अख्खा मावत नाय," तो म्हणाला. मग विचारलं, "काय, सोडायचा ना? तिकडच्यासारखा?"

"सोड."

त्याने वाकून हात पाण्यात नेले आणि उघडले.

तेव्हा मी सांगितलं. का तेव्हाच, माहीत नाही. "दादा, नियम नवीन नव्हता. मला फेब्रुवारीत सांगितलं होतं, मुंबईहून करा म्हणून. मी केलं नाही."

दादा दोर गुंडाळत होता. "ठाव हाय."

"कुणी सांगितलं?"

"तो खालचा तिकीटवाला. मी रोज चहाला जातो ना त्याच्याकडं."

"कधी?"

"आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात."

म्हणजे व्हिसा केंद्रात जायच्या कितीतरी आधी. इस्त्रीचा शर्ट घातला तेव्हाही त्याला माहीत होतं. मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"म्हटला, तू मोठा मानूस. एवढा नकाशा काढलात, विजार आनलीस. कायतरी केला असशील." त्याने दोराचा अजून एक वेढा घेतला. "नि मला पन वाटत होता ना जावा असा."

मला पंगतीबद्दलही सांगायचं होतं. तोंड उघडलं, पण सांगितलं नाही. ते अजून राहिलंच आहे.

त्याने दोर पुन्हा टाकला.  मग त्याने मान वर केली, इकडेतिकडे फिरवली आणि हात माझ्या दिशेने पुढे केला. "चल, धर मला. काळोख पडला. आता मला काय दिसायचा नाय."

मी घड्याळ बघितलं. पाच वाजायला दहा मिनिटं कमी होती. सूर्य बोरूच्या बनाच्या बराच वर होता. पाण्यावर ऊन इतकं लखलखत होतं की मला डोळे बारीक करावे लागत होते. पलीकडचे मजूर उन्हापासून डोक्यावर गमछे घेऊन बसले होते.

हो म्हणणं अगदी सोपं होतं. हो, पडला, चल. त्याला हात दिला असता, गाडीत बसवलं असतं, त्याला कळलंही नसतं.

"नाही, दादा," मी म्हणालो. "ऊन आहे अजून. चांगलं कडक आहे."

त्याचा पुढे केलेला हात तसाच राहिला. मग त्याने तोंड वर केलं आणि सावकाश फिरवत नेलं, जिकडे सूर्य होता तिकडे येईपर्यंत. तिथे थांबला.

"हा," तो म्हणाला. "हाय. तोंडाला लागतोय."

मी दगडावरून उठून बुटांसकट पाण्यात उतरलो आणि त्याच्या शेजारी, डाव्या बाजूला, उभा राहिलो. त्याने चाचपत दोर ओढून घेतला, माशी बोटांनी नीट केली.

"मग अजून एकदा टाकतो," दादा म्हणाला.